बनातीचा कोट

ठाण्याच्या थंडीला थंडी म्हणावं की नाही, यावर आमच्या कचेरीत दरवर्षी वाद होई. घाटावरून बदलून आलेले कारकून आम्हाला हसत. जरा वारा सुटला की तुम्ही कोकणातले लोक कानाला उपरणं गुंडाळता, असं त्यांचं म्हणणं. हसोत बापडे. माझी धाकटी त्यांच्या घरात नव्हती. मार्गशीर्ष लागला आणि पहाटे कळव्याच्या बाजूनं खाडीवरचा ओला गार वारा येऊ लागला की तिची छाती भरायची. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या, ओठ पांढरे पडायचे. खोकून खोकून दमली की ती माझ्याकडे बघायची. हे सगळं मला थांबवता येतं आणि मी ते मुद्दाम थांबवत नाही, असं त्या नजरेत असायचं.

ती तेव्हा चार वर्षांची होती. थोरला मुलगा नऊ वर्षांचा. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली आणि ते मूलही तिच्यामागून गेलं. दुसरं लग्न कर म्हणून नातेवाईक मागे लागले होते. मी केलं नाही. यात माझी काही थोरवी नाही. कुणाशी नव्यानं ओळख करून घेण्याची ताकदच माझ्यात उरली नव्हती. मग डोंबिवलीहून माझी आत्या आली, वडिलांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी तिच्या कपाळाचं कुंकू गेलं आणि पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं तिनं दिराच्या घरी भात कांडण्यात काढली. डोंबिवली तेव्हा चार भातखाचरं आणि दहा-वीस घरं एवढीच होती. आत्या आली ती एक गाठोडं, एक तांब्याचा गडू आणि एक धाबळी घेऊन.

तिच्या येण्यानं माझं घर सावरलं, हे मला आधीच लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा तिच्यावरचा राग दिसेल. वेळेवर भात मिळू लागला. पोरं तिला आजी म्हणू लागली, त्यांच्या अंगाला तेल लागू लागलं. थोरल्याचे परवचे ऐकायला कुणीतरी बसू लागलं. माझं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, टेंभीनाक्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढची खोली आमची आणि मागचं स्वयंपाकघर सर्वस्वी आत्याचं. तिथं तिचा शब्द चाले आणि तिचं सोवळं चाले.

हल्लीच्या मुलांना सोवळं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. पहाटे आंघोळ करून आत्या सोवळ्यात स्वयंपाकाला लागली की तिला कुणी हात लावायचा नाही. अंगावर वापरातलं सुती कापड असलेल्या माणसानं तर नाहीच. लोकर मात्र शुद्ध, तिला विटाळ नाही. म्हणून आत्या थंडीत ती धाबळी नेसून स्वयंपाक करी. धाबळी म्हणजे लोकरीचं न शिवलेलं जाडसर वस्त्र, तिच्या भावानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधीतरी दिलेलं. धुतलेलं लुगडं कुणाचा हात न लागता वाळलं तर तेही चालतं. पण आमच्या घरात वलणीखालून पोरं धावत, कुणाचं डोकं कुठं लागलं असेल याचा भरवसा नव्हता. धाबळी नसती तर तिला लुगडं पिळून ओलंच नेसावं लागलं असतं.

आता पोरांचं. सोवळ्यातल्या माणसाजवळ जायचं तर लहान मुलानं अंगावरचं सुती काढून उघडं जायचं, ही तेव्हा घरोघरची रीत होती. मीही लहानपणी तसाच आईजवळ गेलो असेन. पण माझी धाकटी तशी गेली की मला बघवत नसे. पहाटे सगळ्या घरात ऊब असे ती एका चुलीपाशी आणि मायेनं जवळ घेणारं माणूस असे तेही तिथंच. पोर उंबऱ्यापाशी अंगड्याचे बंद धरून उभी राही. कपडे घालून बाहेर गारठ्यात बसायचं, की काढून आत आजीजवळ जायचं? ती रोज आतच जाई. चुलीच्या बाजूनं तिचं अंग तापे आणि पाठ गार पडे. अर्ध्या तासानं खोकला सुरू होई.

आत्याला मी दोन-तीनदा म्हटलं होतं. ती म्हणायची, "अरे, पहाटेची ती आलीच नाही तर बरं. पण येते त्याला मी काय करू? घालवून देऊ?" घालवून दे असं म्हणणं मला जमलं नाही.

माझी स्वतःची सकाळ कशी जाई ते सांगायला नको. विहिरीवरून पाणी, चार लाकडं फोडून आत सरकवायची, थोरल्याची पाटी बघायची, पोरीच्या केसांतला गुंता काढायचा, स्नान, संध्या, देवपूजा आणि मग पागोटं बांधून कचेरी. बाप पोरीची वेणी घालतोय हे बघून शेजाऱ्यापाजाऱ्यांना जी गंमत वाटे तिचा मला फार संताप येई. माझी वेणी वाकडी होई, हेही खरं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला हुकूम आला. दरवर्षी थंडीत आमचे साहेब राहुट्या, गाड्या आणि दप्तरं घेऊन जिल्ह्यात फिरतीवर जात. आजवर मी दप्तरखान्यात बसणारा माणूस. त्या वर्षी फिरतीचा कारकून आजारी पडला आणि माझं नाव लागलं. कल्याणहून मुरबाड, शहापूर, मग वर वाडा आणि मोखाडा, असे तीन महिने. घरी अडचण आहे म्हणून मी शिरस्तेदारांना विनवायला गेलो. ते म्हणाले, "अडचण कुणाच्या घरी नाही? आणि एक लक्षात ठेवा, तिकडे डोंगराखाली थंडी कडाक्याची पडते. साहेबांसमोर शाल पांघरून उभं राहायचं नाही. एक बरा, काळा, गळ्यापर्यंत गुंड्यांचा कोट शिवून घ्या."

कोट म्हटल्यावर माझं डोकं चालू लागलं, आणि माझं डोकं चालू लागलं की घात होतो. मी स्वतःला फार हिशेबी आणि धोरणी समजत असे. एकच कोट घ्यायचा, पण असा घ्यायचा की तो सगळीकडे चालला पाहिजे. कचेरीत आणि साहेबांपुढे दिसायला नीटस. राहुटीत रात्री पांघरुणासारखा, म्हणजे गुडघ्याच्या खाली येणारा. शाईचा डाग दिसू नये असा रंग. आत मोठे खिसे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो लोकरीचा हवा. मी निघेपर्यंतचे पंधरा दिवस आणि फिरतीवरून आल्यावर पुढचे सगळे हिवाळे पोर तो गुंडाळून चुलीपाशी बसेल. कपडे काढायला नकोत, खोकला नको. या युक्तीवर मी इतका खूश झालो की कचेरीतून घरी येईस्तोवर स्वतःशीच हसत होतो.

संध्याकाळी आत्याला विचारलं, "आत्या, लोकरीचं पोरीला चालेल ना गं, तुझ्याजवळ बसायला?"

"लोकर केव्हाही शुद्ध," ती तांदूळ निवडत म्हणाली.

कोटाचं नाव मी काढलं नाही. तिनंही विचारलं नाही.

रविवारी पोरीला बरोबर घेऊन मी गाडीनं कल्याणला गेलो. कापडाला कल्याणची पेठ मोठी. पहिल्या दुकानात आत रुई भरलेले डगले होते, ते सावकारांना शोभणारे. ते सुती, म्हणून बाद. रस्त्यावर एकजण पलटणीतले उतरलेले कोट विकत बसला होता. त्यातला एक मी अंगात घालून पाहिला. असली ऊब मी जन्मात अनुभवली नव्हती. पण तो कुणी कुणी घातला असेल, आणि आत्या तो उंबऱ्याच्या आत येऊ देईल का, हे विचार आले. पितळी गुंड्यांवर पोरीचा फार जीव जडला. तिला ओढतच पुढे न्यावं लागलं.

शेवटी एका बोहऱ्याच्या दुकानात मनासारखी लोकरी बनात मिळाली, विलायती, काळसर निळी, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखी. दुकानदार बोलका होता. मी कापड उलटंपालटं करत होतो तेवढ्यात त्यानं ठाणाचा सुटा पदर ओढून पोरीच्या खांद्यावरून लपेटला. "बघा राव, छोकरी कशी दिसते. आता हिला थंडी विचारा." ती गळ्यापर्यंत त्या बनातीत उभी राहिली. हळूच तिनं गाल कापडावर घासला, मग तिथंच खाली बसली आणि डोळे मिटून घेतले. मी भाव करत होतो तोवर ती झोपली. तिचा श्वास किती स्वच्छ चालला होता, हे मला आजही ऐकू येतं.

चार वार कापड माझ्या हातात होतं. न कापलेलं, न शिवलेलं, नुसतं लोकरीचं कापड. मी ते काखोटीला मारून तसंच घरी आणायचं होतं. मी ते दुकानाशेजारच्या शिंप्याकडे दिलं.

शिंप्याला मी बजावून सांगितलं, लांबी एवढी, खिसे एवढे, गळा असा. अस्तराविषयी मी काहीच बोललो नाही, कारण माझ्या मनात अस्तर आलंच नव्हतं. शिंप्यानं आपल्या कामात कसूर केली नाही. आठवड्यानं कोट आला तेव्हा शिलाई सरळ, काज एकसारखे, आणि आतून स्वच्छ पांढरं मांजरपाटाचं सुती अस्तर.

दुसऱ्याच दिवशी पहाटे मी तो पोरीला घातला. बाह्या हाताच्या वीतभर खाली लोंबत होत्या, घोळ जमिनीवर लोळत होता. थोरला अंथरुणात उठून बसून हसत होता. पोर मात्र गंभीर होती. तिनं मला विचारलं, "असंच जायचं आत? काढायचं नाही काही?" मी म्हटलं, "असंच जायचं." ती घोळ सावरत निघाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला.

"तिथंच थांब गं," आत्या म्हणाली. हातातली पळी तिनं मागे घेतली.

"आत्या, लोकर आहे," मी म्हणालो. "शुद्ध बनात. चालते म्हणून तूच म्हणालीस."

"लोकर चालते. कोट चालतो असं मी कधी म्हणाले? सुई लागलेलं कधी सोवळ्यात चालतं का रे? मुंज झालेल्या माणसाला हे मी सांगायचं?"

आता सांगतो. मला हे ठाऊक होतं. रोज पूजेला बसताना मी स्वतः अंगरखा काढून ठेवत होतो, तो शिवलेला असतो म्हणूनच. पण एक गोष्ट माझ्या कचेरीतल्या डोक्यात होती आणि दुसरी घरातल्या, आणि इतक्या दिवसांत त्या दोघींची एकदाही गाठ पडली नव्हती. माणूस इतका मूर्ख असू शकतो यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी ठेवावा.

"लहान मूल आहे," मी म्हणालो. "मुलाला कुठं एवढं बघतात?"

"आणि आत काय लावलंयस? तो मांजरपाट दिसतोय मला इथून."

"अस्तर काढून आणतो."

"दोरा कशाचा आहे?"

दोरा सुती होता. पोर उंबऱ्यावर उभी राहून आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"नुसतं कापड आणायचंस," आत्या जरा खालच्या आवाजात म्हणाली. "चार हात. मी तिला गुंडाळून मांडीवर घेऊन बसले असते. आता कापलेलं ते पुन्हा सबंध कुठून व्हायचं?"

तिनं हे अगदी मायेनं म्हटलं होतं. मला त्याचाच राग आला. चूक माझी होती, ती समोर उघडी पडली होती, आणि ती दाखवणारी बाई बरोबर होती. मी ओरडलो. तुझं सोवळं मोठं की पोर मोठी, असं विचारलं. आईविना पोर आहे, हेही बोललो. तिनं पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाराव्या वर्षापासून मला सोवळ्याशिवाय दुसरं काय दिलंत रे तुम्ही?"

तोवर पोरीनं कोटातून अंग काढून घेतलं होतं. मग अंगड्याचे बंद सोडले, अंगडं घडी करून कोटावर ठेवलं आणि आत जाऊन आजीजवळ बसली. आत्यानं मान फिरवली. पण मी पाहिलं, तिचे डोळे भरले होते.

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटलो. टेंभीनाक्यावर एका दुकानात धाबळ्या टांगलेल्या असत, साध्या, देशी. कचेरीत येताजाता मी त्या रोज पाहत होतो. एक घेऊन घरी नेली असती तर सगळं संपलं असतं. निघायला आठ दिवस होते. मी घेतली नाही. दप्तरं बांधायची गडबड होती, पगार व्हायचा होता, अशी कारणं मी स्वतःला देत होतो आणि ती खोटी होती. खरं कारण असं की आत्यानं नमावं असं मला वाटत होतं. मी घरी नसताना, पोर रोज उघडी कुडकुडत समोर बसलेली बघून तिचं मन द्रवेल आणि ती हे सोवळं चुलीत घालेल, असा माझा होरा होता. माझ्या आजारी पोरीला पुढे करून मी एका विधवेशी भांडण जिंकायला निघालो होतो. हे मी त्या वेळी अशा शब्दांत स्वतःला सांगितलं नाही, इतकंच.

कोट मी बरोबर नेला. घरी त्याचा उपयोगच नव्हता.

फिरतीत तो कोट फार नावाजला गेला. शिरस्तेदारांनी त्याचं कापड बोटांत धरून पाहिलं. साहेबांनीही एकदा मान हलवली, असं बरोबरीच्या कारकुनाचं म्हणणं. मोखाड्याकडे थंडी खरोखर विलक्षण होती. सकाळी राहुटीच्या दोऱ्या दवानं कडक झालेल्या असत आणि दौतीतली शाई गारठून बोरूला धरत नसे. मला मात्र त्या कोटात कधीकधी घाम येई. हे आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

पौषात थोरल्याचं कार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं, पण मजकूर स्वच्छ. "सर्व खुशाल. धाकटी आता रोज सकाळी आजीजवळ चुलीशी बसते. आजी तिला कपडे काढायला सांगत नाही. खोकला पुष्कळ कमी आहे."

मी ते कार्ड तीन-चारदा वाचलं. मग राहुटीबाहेर जाऊन उभा राहिलो. सुटलो एकदाचा, असं वाटलं. पोरीला आराम पडल्याचा आनंद होताच, खोटं का बोलू. पण त्याच्यावर, दुधावरच्या सायीसारखा, दुसरा आनंद होता, की म्हातारी नमली. मी बरोबरीच्या कारकुनाला सगळी हकीकत सांगितली आणि वर म्हटलं, "बघा, बायकांचं सोवळं किती दिवस टिकतं ते. जरा ताणून धरावं लागतं." तो हसला. मीही हसलो. उलट डाकेनं मी आत्याला दोन शब्द लिहू शकलो असतो. ते मी लिहिले नाहीत. जिंकलेल्या माणसानं आधी कशाला लिहायचं, असा माझा तोरा होता.

माघ संपत आला तेव्हा तळ उतरत उतरत कल्याणला आला. तिथून दोन दिवसांची रजा मिळाली. दुपारच्या गाडीनं मी ठाण्याला आलो. उन्हं अंगावर होती तरी कोट अंगातच होता. पोरीनं मला त्यात बघावं असं मनात होतं.

शेजारच्या काकू ओटीवर पापड वाळत घालत होत्या. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"पत्र नाही का पोचलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

पत्र पोचलं नव्हतं. आमचा तळ रोज हलत होता आणि ते मागून फिरत होतं. काकूंनी तिथंच, अंगणात, मला सांगितलं. आत्याला ताप भरला, छाती धरली, पाचव्या दिवशी ती गेली. याला बारा दिवस झाले होते. डोंबिवलीहून तिच्या दिराकडची माणसं येऊन सगळं करून गेली. तेव्हापासून पोरं काकूंकडेच जेवत होती. "फार समजावलं हो त्यांना मी," त्या म्हणाल्या. "रोज पहाटे ओलेत्यानं चुलीपुढे. म्हटलं, आत्याबाई, या वयात असं करू नका. तर म्हणायच्या, मला नाही वाजत थंडी."

"ओलेत्यानं का? धाबळी होती तिच्याजवळ."

काकूंनी मागे वळून पाहिलं. थोरला त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. तोच म्हणाला, "धाबळी धाकटीला दिली ना आजीनं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी कार्डात लिहिलं होतं, ती आजीजवळ बसते म्हणून."

लिहिलं होतं. त्यानं खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आत्याचं मन द्रवलं होतं, मी म्हटलं होतं तसंच, आणि तेही एका दिवसात. सोवळं मात्र तिनं सोडलं नव्हतं. पोरीला खोकला येऊ नये आणि आपलं व्रतही मोडू नये, याला एकच वाट होती, ती तिनं काढली. कार्ड आल्यापासून मी ज्याला माझा विजय समजत होतो तो हा होता. मला रडूही आलं नाही.

"धाकटी कुठं आहे?" मी विचारलं.

"आतच असते," काकू म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून हलत नाही. जेवायला तेवढी येते, कशीबशी. आजी गावाला गेली म्हणून सांगितलंय आम्ही तिला. दुसरं काय सांगणार?"

मी आत गेलो. चूल थंड होती, कुणीतरी सारवून ठेवलेली. तिच्या शेजारी भिंतीला टेकून पोर बसली होती, डोक्यापासून पायापर्यंत आत्याच्या धाबळीत. चेहरा भरला होता. खोकत नव्हती. मला बघून ती हसली आणि मी हात पुढे केले, तशी ती एकदम भिंतीला चिकटली.

"बाबा, हात लावू नका," ती म्हणाली. "तुम्ही कोट घातलाय. आजी गावाहून आली की मला मांडीवर घेणार आहे. तुम्ही हात लावलात तर ती घेणार नाही."

बारा दिवस तिनं कुणालाही हात लावू दिला नव्हता. काकूंनी मागाहून सांगितलं, वेणीसुद्धा घालू देत नव्हती, आणि काकूंकडे जेवायला येई तीही धाबळी सावरत, कुणाला लागणार नाही अशी भिंतीच्या कडेकडेनं. तिचे केस जटा झालेले होते. आजी येणार नाही हे तोंडातून फुटेना.

मृत्यूची बातमी कळली की स्नान करायचंच असतं. मी बाहेर आलो, कोट ओटीवर टाकला, विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेतलं. एक पंचा पिळून नेसलो, एक खांद्यावर घेतला आणि तसाच निथळत आत गेलो. तिनं मला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं. मग धाबळीसकट उठली आणि आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. मी तिला जवळ ओढली. मग तिनं धाबळीतून एक हात बाहेर काढला आणि माझ्या छातीवर ठेवला.

"तुम्ही किती गार आहात," ती म्हणाली. "अगदी आजीसारखे."